दुकानातले कॅमेरे बिलिंगशी आणि गेटशी जोडायचे आहेत, कोणी केलं आहे का? (नागपूर)

मनीषनगर_डेलीवाला:

नमस्कार मंडळी. मनीष नगरात दुकान आहे आपलं, खाली किराणा आणि वरच्या मजल्यावर लहान मुलांचे कपडे, दोन काउंटरवर बिलिंग चालते. खाली जुने कोॲक्स केबलवाले कॅमेरे डीव्हीआरवर (रेकॉर्डिंगचा डबा) आहेत, वरचा मजला काढला तेव्हा तिथे नेटवर्कवर चालणारे आयपी कॅमेरे न त्यांच्या रेकॉर्डिंगचा वेगळा डबा, एनव्हीआर लावला, म्हणजे दोन डबे, दोन ॲप, दोन पासवर्ड. आता विषय असा आहे का स्टॉक मोजला की माल कमी भरून राहिला. तूरडाळ कमी नाही येत, कमी येते ते तूप, काजू, बदाम, ब्लेडची पाकिटं, म्हणजे हातात मावणारं न महागाचंच. पोरं सगळी जुनी आहेत दुकानातली, पुरावा नसताना कोणाचं नाव घेणार.

घरचे म्हणतात कॅमेरे कशाला लावले मग, पाहून घे. पण पाहू काय? दिवसभराचं रेकॉर्डिंग पहायला दिवसभर बसायचं का दुकान सोडून?

तर एक पार्टी कोटेशन घेऊन आली. म्हणे तुमचं बिलिंग, कॅमेरे, दारातलं चोरी पकडायचं गेट, शटरचा सेन्सर, गल्ला, सगळं एका ॲपवर आणून देतो, जुने कॅमेरे सगळे काढावे लागतील आणि नवीन एआय कॅमेरा चोर स्वतःच ओळखते. आकडा ऐकून मी चहा पाजून पाठवून दिलं. पण मनातून जाऊन नाही राहिलं. बिल खरंच व्हिडिओवर दिसते का, सगळे कॅमेरे बदलावे लागतात का, आणि किराणा दुकानात ते गेट चालते का, ज्यांनी केलं असेल त्यांनी सांगा न.

---

तारवाला_जरीपटका:

हाव भाऊ, होते. मी हेच काम करतो पण तुमच्या भागात नाही करत, त्यामुळे धंदा मागून राहिलो असं समजू नका. ‘सगळं एका ॲपवर’ ऐकलं का पहिले खिसा सांभाळायचा.

बिल व्हिडिओवर कसं येते ते समजून घ्या. बिलिंगचा कॉम्प्युटर थर्मल प्रिंटरला जो मजकूर पाठवते त्याचीच एक कॉपी एनव्हीआरला द्यायची, लॅनवरून नाहीतर जुन्या सिरीयल पोर्टवरून, आणि एनव्हीआर ती अक्षरं त्या काउंटरच्या व्हिडिओवर चढवते न सोबत सेव्ह पण करते. मग तुम्ही रेकॉर्डिंगमधे बिल नंबर टाका, ‘घी’ टाका, ‘कॅन्सल’ टाका, सरळ त्या जागेवर जाते. हिकव्हिजन, दाहुआ यांच्या काही एनव्हीआरमधे पीओएस (म्हणजे बिलिंग काउंटर) म्हणून वेगळा मेनूच असते, तुमच्या मॉडेलमधे आहे का ते आधी पहा, असला तर डबा पण बदलायची गरज नाही.

पण यात एक अडचण आहे जी कोटेशनवाला कधी सांगणार नाही. तुमच्या बिलावर सामानाची नावं मराठीत छापून येतात का? येत असतील तर तो प्रिंटर अक्षरं छापत नाही, सॉफ्टवेअर पूर्ण बिलाचं चित्र बनवून पाठवते, कारण त्या प्रिंटरांमधे देवनागरी बहुतेक नसतेच. चित्र गेलं का एनव्हीआरला त्यातलं काही वाचता येत नाही, स्क्रीनवर नुसता कचरा येते. इंग्रजी बिलात पण विंडोजच्या ड्रायव्हरमधून प्रिंट जात असलं तर बरेचदा हेच होते. म्हणून पैसे द्यायच्या आधी तुमच्याच काउंटरवर, तुमच्याच सॉफ्टवेअरचं बिल फाडून दाखव म्हणा. त्यानं आणलेल्या लॅपटॉपवरचा डेमो कामाचा नाही.

दुसरं, किराणा दुकानात बिल शेवटी एकदम छापते, म्हणजे मजकूर पण शेवटीच एकदम येते. टीव्हीवरच्या जाहिरातीसारखं एकेक वस्तू वाजली न एकेक ओळ आली असं होणार नाही. बिल आलं तिथून मागे जाऊन पोरानं काय काय स्कॅन केलं ते तुम्हालाच पहावं लागते.

कॅमेरे सगळे बदलायचं काही काम नाही. ऑनव्हिफ नावाचं एक स्टँडर्ड आहे, ॲक्सिस, बॉश न सोनी यांनी २००८ मधे सुरू केलं, त्यामुळे एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या एनव्हीआरवर चालते. त्याचे प्रोफाइल असतात, एस म्हणजे साधा व्हिडिओ, टी म्हणजे एच.२६५ (व्हिडिओ कमी जागेत बसवायची पद्धत) वगैरे, जी रेकॉर्डिंगचं, एम ॲनालिटिक्सच्या माहितीचं, ए न सी दरवाज्याच्या कार्ड सिस्टिमचं. बिलिंगचं प्रोफाइल त्यात नाहीच. म्हणून कोणी म्हटलं का ‘ऑनव्हिफ आहे म्हणजे बिलिंग पण जुळते’ तर त्याला नमस्कार करा. जुन्या डीव्हीआरचे चॅनल आरटीएसपीनं (नेटवर्कवरून चालू व्हिडिओ पाठवायची पद्धत), ५५४ पोर्टवरून, नव्या एनव्हीआरमधे ओढता येतात बहुतेक वेळा, मग एकच स्क्रीन होते. नवीन घ्यायचाच असला तर दोन्ही काउंटरच्या डोक्यावर एकेक चांगला कॅमेरा घ्या, ज्यात गल्ला, स्कॅनर, पोराचे हात न पिशवी हे चारही दिसलं पाहिजे. चेहरा नको त्यात, हात पाहिजे. आणि विकत घेताना एसटीक्यूसी या सरकारी चाचणी संस्थेचं सर्टिफिकेट विचारा, ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या नियमांची चाचणी सक्तीची झाली आहे, जुना माल स्वस्तात खपवणारे फिरून राहिले बाजारात.

---

बर्डीचा_पोऱ्या:

एआय चोर ओळखते म्हणे. अरे बाप्पा, मग पोलीस भरती कशाला पाहिजे.

खरं सांगायचं तर त्या कॅमेऱ्यात येते काय, रेषा ओलांडली, माणूस आला, इतक्या वेळ एका जागी उभा राहिला, आणि डोकी मोजणं. डोकी मोजणं मात्र कामाचं आहे. दारावर बरोबर वरून खाली पाहणारा कॅमेरा लावला का आत किती लोकं आली ते कळते आणि बिलं किती फाटली ते तुमच्याकडे आहेच. आमच्या मालकानं त्याच्यावरून शनिवारचा दुसरा काउंटर कधी उघडायचा ते ठरवलं. चोर काही नाही सापडला त्यात.

---

इतवारी_सुकामेवा:

आमचं इतवारीत काजूबदामाचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. आम्ही हे जोडलं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या यादीत काजू बदाम आहे, ते सुट्टं विकता का पाकीटबंद? सुट्टं असेल तर कॅमेऱ्याच्या आधी वजनकाट्याकडे पहा. काट्यावर अर्धा किलो झालं, गिऱ्हाईकासमोर वरून एक मूठ टाकायची सवय आमच्या जुन्या माणसांना होतीच, त्यांना कोण म्हणणार चोर. दिवसभराच्या मुठी मोजा म्हणजे कळेल. आता काटा बिलिंगला जोडलेला आहे, जे वजन काट्यावर तेच बिलात, हातानं वजन टाकायची सोयच बंद केली. काट्याला मागून पोर्ट असते तेच वापरायचं, काटा उघडू द्यायचा नाही कोणाला, वैधमापनवाल्यांचं सील असते त्याला, ते तुटलं का उद्या तुमच्यावरच केस.

व्हिडिओचा खरा उपयोग आम्हाला कॅन्सल बिलांमधे झाला. रोज रात्री फक्त तेवढीच बिलं पहायची, जी कॅन्सल झाली, ज्यात नंतर एखादी वस्तू काढली, ज्यात हातानं भाव बदलला, किंवा रिटर्न घेतलं. रिटर्नच्या व्हिडिओत काउंटरसमोर गिऱ्हाईकच उभं नसलं तर समजून जायचं. यात फार वेळ जात नाही, चहा पिता पिता होते.

आणि एक भाऊ, क्यूआर कोड. कॅमेऱ्यात क्यूआरचा स्टँड दिसला पाहिजे. ओळखीच्या एका दुकानात पोरानं मालकाच्या स्टिकरवर स्वतःचं चिकटवलं होतं, फक्त दुपारच्या वेळी, मालक जेवायला गेला का. बिल बरोबर, माल बरोबर, फक्त पैसे दुसरीकडे. रात्री बँकेत आलेले यूपीआयचे पैसे आणि बिलिंगमधे यूपीआय म्हणून टाकलेली रक्कम जुळवली असती तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. त्याला कॅमेरा पण नाही लागत.

मागचं दार विसरू नका. माल उतरते तिथे तुमचा कॅमेरा आहे का? आमच्याकडे कमी येत होतं त्यातलं बरंचसं दुकानात आलंच नव्हतं. बिलावर बारा डबे, टेम्पोतून उतरले अकरा, आणि सही करणारा पोरगा गर्दीत.

---

मनीषनगर_डेलीवाला:

मागच्या दाराला कॅमेरा नाही. हे डोक्यातच नव्हतं आलं. सुट्टे पण आहेत न पाकीटबंद पण.

@तारवाला_जरीपटका दादा, बिल मराठीतच छापते आपलं, गिऱ्हाईकांना आवडते. म्हणजे आमचं झालंच का कल्याण? इंग्रजी करायची इच्छा नाही.

---

कोडवाली_पुणेकर_मूळनागपूर:

मराठीच राहू द्या, काही बिघडत नाही. मी रिटेल बिलिंगच्या सॉफ्टवेअरवरच काम करते, माहेर प्रतापनगरला.

व्हिडिओवर अक्षरं चढवणं हा दिसायला भारी प्रकार आहे, पण तुमचं काम त्याच्याशिवाय होतं. तुमच्या सॉफ्टवेअरमधे प्रत्येक बिलाची नोंद डेटाबेसमधे असतेच, बिल नंबर, काउंटर, कोणाच्या लॉगिनने झालं, तारीख, वेळ. इतवारीवाल्या काकांनी सांगितली तशी संशयाची बिलं तिथून रोज एका एक्सेलमधे काढता येतात, बहुतेक सॉफ्टवेअरमधे तयार रिपोर्ट असतो, नसला तर सपोर्टवाले काढून देतात. मग वेळ पाहायची आणि एनव्हीआरवर त्या काउंटरचं तेवढ्या वाजताचं रेकॉर्डिंग लावायचं. बस. पुढे वाटलं तर कोणी बिल नंबरवर क्लिक केलं की व्हिडिओ उघडेल असं पण करून देईल, बऱ्याच एनव्हीआरमधे वेळ देऊन रेकॉर्डिंग मागायची सोय असते. पण ते नंतर.

आता माझं म्हणणं एवढंच आहे की कशाला काय जोडायचं ते राहू द्या बाजूला, आधी घड्याळं जुळवा. तुमच्याकडे निदान चार घड्याळं आहेत, डीव्हीआरचं, एनव्हीआरचं आणि दोन बिलिंग कॉम्प्युटरची. आत्ता दुकानात जाऊन चारही एका वेळी पाहा आणि इथे लिहा किती फरक निघाला. बिलावर ५:४२ आणि व्हिडिओत ५:३५ असेल तर तुम्ही भलत्याच गिऱ्हाइकाचं बिल पाहून भलत्याच पोरावर आळ घ्याल, आणि हे जोडलेलं नसण्यापेक्षा वाईट आहे. डीव्हीआर, एनव्हीआरच्या सेटिंगमधे एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवायची सोय) असतं ते चालू करा, सर्व्हर म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा देता येतो, टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी, टाइमझोन साडेपाच तासांचाच आहे ना ते पाहा, कारण काही डब्यांत पाच तासांचा पडलेला असतो. कॉम्प्युटर पण त्याच सर्व्हरला लावा. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा सेल संपला असेल तर लाइट गेली की तारीख मागे जाते, तो सेल अगदी किरकोळ पैशात येतो आणि लोक तो सोडून सगळं बदलतात.

अजून एक पाहा, तुमच्या सॉफ्टवेअरमधे बिलाची वेळ म्हणजे बिल सुरू केल्याची की सेव्ह केल्याची. होल्डवर टाकलेलं बिल असेल तर यात चांगलाच फरक पडतो. आणि एडिट लॉग चालू करा. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधे कोणी काय बदललं याची नोंद ठेवणं सक्तीचं आहे, त्यामुळे ते फीचर बऱ्याच ठिकाणी आलेलं आहे. तुमची प्रोप्रायटरशिप असेल तर सक्ती नाही, पण बटण आहे तर दाबा. आणि दोन्ही पोरं एकाच लॉगिनने बिल करत असतील तर आज रात्रीच बंद करा ते.

---

तारवाला_जरीपटका:

ताई बरोबर बोलून राहिल्या. आमच्या धंद्यात घड्याळ कोणी पाहतच नाही, कॅमेरा दिसला का काम संपलं न बिल दिलं.

गल्ल्याचं राहिलं सांगायचं. बिल न फाडता गल्ला उघडला ते पकडायचं असलं तर गल्ल्यात छोटा मॅग्नेटचा सेन्सर लावून त्याच्या दोन तारा एनव्हीआरच्या अलार्म इनपुटला द्यायच्या, गल्ला उघडला का त्या व्हिडिओवर खूण पडते. शटरच्या सेन्सरचं पण असंच, वेगळं काही नाही. फक्त कोणी शहाणा प्रिंटरमधून गल्ल्याला जाणारी तारच एनव्हीआरला जोडून नको देऊ, त्या तारेत गल्ला उघडायला बरेचदा २४ व्होल्ट येते न अलार्म इनपुटला कोरडा कॉन्टॅक्ट (म्हणजे व्होल्टेज नसलेला नुसता स्विच) पाहिजे. इनपुट जळते मग कंपनी वॉरंटी देत नाही.

---

सदर_किड्सवेअर:

गेटबद्दल मी सांगते, आमचं कपड्यांचं दुकान आहे सदरला. दोन प्रकार येतात, आरएफ म्हणजे ८.२ मेगाहर्ट्झ आणि एएम म्हणजे ५८ किलोहर्ट्झ. दोघांचे टॅग वेगळे, एकाचा टॅग दुसऱ्याला चालत नाही, त्यामुळे गेट स्वस्त दिसलं तरी टॅग काय भावाने आणि कोणाकडून मिळतील ते आधी विचारा. कपड्यांना कडक टॅग लावायचा आणि काउंटरवर काढायचा, ते मस्त चालतं, तुमच्या वरच्या मजल्याला कामाचं आहे.

खाली किराण्यात मला नाही वाटत. तुपाच्या टिनवर, चांदीच्या कागदाच्या पाकिटावर स्टिकर टॅग लावला की धातूमुळे तो गेटला दिसतच नाही नीट. आणि जे गेट घ्याल ते शटरपासून, लोखंडी दारापासून लांब बसवायला जागा आहे का पाहा, आमच्याकडे बाजूच्या एलईडी बोर्डच्या सप्लायमुळे उगाच वाजायचं, गिऱ्हाईक बिचारं लाजून चूर. खोटं वाजणारं गेट दोन आठवड्यांनी कोणी पाहत नाही, पोरं सरळ जा जा म्हणतात.

जोडायचं सोपं आहे, गेट वाजलं की त्याच्या रिलेचा (आतल्या स्विचचा) कॉन्टॅक्ट जुळतो, त्याच्या दोन तारा एनव्हीआरला. वाजायच्या आधीचे दहा सेकंद पण सेव्ह होतील असं सेटिंग करून घ्या, कारण चोर वाजल्यावर नाही, वाजायच्या आधी पाहायचा असतो.

---

खाकी_फाइल:

कोर्टाच्या कामात आहे, म्हणून थोडं कायद्याचं.

ट्रायल रूम आणि तिच्या दाराकडे तोंड असलेला कॅमेरा नको, मुलांचे कपडे आहेत म्हणून तर अजिबात नको. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ (चोरून पाहणं, चित्रण करणं याबद्दलचं) वाचून घ्या. माइक असलेला कॅमेरा असेल तर आवाज बंद ठेवा, गिऱ्हाइकांच्या घरगुती गप्पा रेकॉर्ड करायचं तुम्हाला कारण नाही. कार्डच्या मशीनवर पिन टाकताना बोटं दिसतील असा कोन पण नको. दारावर मराठीत स्वच्छ पाटी लावा की कॅमेरे चालू आहेत. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, त्यामुळे संशयिताचा व्हिडिओ व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची जी सवय आहे ती सोडा. अब्रूनुकसानीची नोटीस तर त्याच्याही आधी येते.

पोलिसात जायची वेळ आली तर मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून देऊ नका. एनव्हीआरमधूनच मूळ फाइल एक्स्पोर्ट करा. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम ६५-ब, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, त्याचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश (फाइल बदलली तर बदलणारा तिचा ओळख-कोड) पण लिहावं लागतं. हे प्रमाणपत्र नुसती औपचारिकता नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात सांगितलं, ते आपल्याच जालन्याचं, आणि त्यातही वाद होता तो निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगचाच. एनव्हीआरचं घड्याळ चुकलेलं असेल तर समोरचा वकील तिथूनच सुरुवात करेल, त्या ताई म्हणतात ते इथेही लागू आहे.

---

मनीषनगर_डेलीवाला:

सगळ्यांना धन्यवाद, इतकं कोणी कोटेशनवाल्यानं नसतं सांगितलं.

घड्याळं पाहून आलो. दोन कॉम्प्युटर जवळपास सारखे, एनव्हीआर अर्धा तास मागे (टाइमझोन पाच तासांचाच निघाला), आणि खालच्या डीव्हीआरमधे तारीखच वेगळी आहे. लॉगिन पण एकच होतं दोन्ही काउंटरला, ते आज वेगळे केले, पोरांनी कारण विचारलं, सीएनं सांगितलं म्हटलं.

आता मागच्या दाराला न दोन्ही काउंटरला मिळून तीन कॅमेरे घ्यायचे, गेट फक्त वर, तेही सध्या नाही. रेकॉर्डिंग किती दिवसाचं ठेवावं? आत्ता हप्ताभराचं पण राहत नाही. आणि तो पार्टीवाला म्हणत होता राउटरमधे पोर्ट (इंटरनेटवरून थेट आत यायचा रस्ता) उघडून देतो म्हणजे घरून फास्ट दिसते, ते करू का?

---

तारवाला_जरीपटका:

पोर्ट बिलकुल नाही उघडायचा. २०१६ मधे मिराई नावाचा व्हायरस आला होता तो असेच उघडे कॅमेरे न डीव्हीआर, कंपनीचा पासवर्ड न बदललेले, शोधून शोधून घुसायचा. कंपनीचं ॲप वापरा नाहीतर व्हीपीएन (इंटरनेटवरून खाजगी सुरक्षित जोडणी), आणि कॅमेऱ्यांचं नेटवर्क बिलिंगच्या कॉम्प्युटरपासून वेगळं ठेवा, गिऱ्हाइकांना वायफाय देत असाल तर तेही वेगळं.

हार्ड डिस्कचा हिशोब सोपा आहे, एक कॅमेरा ४ एमबीपीएसवर (सेकंदाला ४ मेगाबिट) चोवीस तास चालला तर दिवसाला ४३ जीबीच्या आसपास खाते. आठ कॅमेरे म्हणजे साडेतीनशे जीबी, ४ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते. एच.२६५ करून २ एमबीपीएसवर आणला तर दुप्पट दिवस. तुमचं स्टॉक मोजणं महिन्यातून एकदा असलं तर रेकॉर्डिंग महिन्याच्या वरच पाहिजे, नाहीतर माल कमी आला हे कळेपर्यंत व्हिडिओ पुसलेला राहते. काउंटरचे न मागच्या दाराचे कॅमेरे चांगल्या क्वालिटीवर ठेवा, बाकीचे कमी करा. डिस्क कॅमेऱ्यासाठीची घ्या, डब्ल्यूडी पर्पल नाहीतर सीगेट स्कायहॉक, कॉम्प्युटरची साधी नको.

आणि एनव्हीआर कुठं ठेवला आहे? माळ्यावर असला तर खाली आणा, मे महिन्यात आपल्याकडं पत्र्याखाली डिस्क टिकत नाही. मॉडेल नंबर टाका इथं दोन्ही डब्यांचे, पीओएसचा मेनू आहे का पाहून सांगतो.

---

मनीषनगर_डेलीवाला:

माळ्यावरच आहे. उद्या फोटो टाकतो मागच्या स्टिकरचा.